भरल्या घरांतील एकटेपण

एकांत आणि एकटेपण हे दोन्ही शब्द ‘एक’ या एकाच शब्दापासून निघाले असले, तरी त्यांचीं घरें निराळीं आहेत. एकांत मनुष्य स्वतः शोधतो. ऋषि अरण्यांत गेले ते त्यासाठीं, आणि परीक्षेचा विद्यार्थी पहांटे उठून दिव्याशीं बसतो तोहि त्यासाठीं. एकटेपण मनुष्य शोधीत नाहीं. तेंच त्याला शोधीत येतें, आणि पुष्कळदां माणसांनीं भरलेल्या घरांत येतें. ज्या घरांत कर्करोगाचें माणूस आहे, तेथें रोग्याला आणि त्याच्या उशाशीं बसणाऱ्याला जें एकटेपण येतें, त्याविषयीं आज वाचकांशीं बोलावयाचें आहे. औषधोपचाराविषयीं बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. आमचा अधिकार शाळामास्तराचा, म्हणजे पुष्कळ वर्षें घराघरांतून मुलें, त्यांचे आईबाप आणि आजीआजोबा पाहिलेल्या माणसाचा, तेवढाच.

आम्ही राहतों त्या विश्रांतवाडींत आळंदी रस्त्याच्या दोन्ही अंगांस आतां इमारतीला इमारत लागली आहे. भिंतीच्या पलीकडे काय शिजतें तें अलीकडे वासानें कळतें. पण पलीकडे कोण झोपेवांचून रात्र काढीत आहे, तें कळत नाहीं. कोणाकडे हा रोग निघाला कीं जिन्यांतले आवाज खालीं येतात. ‘त्यांच्याकडे तसलें कांहीं तरी निघालें आहे म्हणे,’ एवढेंच बोललें जातें. रोगाचें नांव कोणी घेत नाहीं. वास्तविक तें नांव फार जुनें. ग्रीक वैद्यांनीं या रोगाला खेंकड्याचें नांव दिलें, त्याच अर्थाचा आपला कर्क शब्द. आणि सुश्रुतसंहितेंत अशा वाढणाऱ्या गांठींना अर्बुद म्हटलें आहे. इतक्या शतकांपासून जो रोग वैद्यांना ठाऊक आहे, त्याचें नांव सुशिक्षित घरांत आजहि मोकळेपणीं घेतां येऊं नये, हें चमत्कारिक आहे. ज्या दुःखाचें नांव घेतां येत नाहीं तें दुसऱ्याला सांगतां येत नाहीं. आणि जेथें सांगणें संपतें तेथून एकटेपणाला आरंभ होतो.

आरंभींच्या पंधरवड्यांत घरीं माणसांची रीघ लागते. कोणी नारळ आणतो, कोणी अंगारा, कोणी गव्हांकुराच्या रसाची कृति. बहुतेकांजवळ एक गोष्ट तयार असते: ‘आमच्या मामांनाहि अगदीं असेंच झालें होतें.’ त्या मामांचें पुढें काय झालें तें ऐकण्याची रोग्याला मुळींच इच्छा नसते, पण तो बिचारा हंसून मान डोलावतो. महिन्या-दोन महिन्यांत ही रीघ आटते. उपचार मात्र आटत नाहींत. शस्त्रक्रिया, मग ठराविक आठवड्यांनीं केमोथेरपी, मध्यंतरीं रक्ताच्या तपासण्या, मग किरणोपचार, असें करतां करतां वर्ष निघून जातें. केंस गळतात, तोंडाची चव जाते, पायांत त्राण राहत नाहीं. आणि नेमकीं याच वेळीं दाराची घंटा वाजेनाशी होते. ज्या दिवसांत माणसें हवीं असतात त्या दिवसांत तीं नसतात, कारण त्यांचें येणें आधींच होऊन गेलेलें असतें.

कांहीं घरांत याहून कठीण गोष्ट घडते. रोग्याचें ताटवाटी, पेला वेगळा होतो. नातवंडांना हळूच दुसऱ्या खोलींत बोलावून घेतात. हा समज निखालस खोटा आहे. कर्करोग स्पर्शानें पसरत नाहीं; एका पंक्तीस जेवल्यानें नाहीं, एका अंथरुणावर बसल्यानेंहि नाहीं. उलट केमोथेरपीच्या दिवसांत रोग्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि सर्दी-पडसें झालेल्या माणसापासून त्यालाच जपावें लागतें. म्हणजे भय आहे तें आपल्याकडून त्याला. तेवढ्याकरितां नातवाला चार दिवस दूर ठेवावें लागलें, तर कारण रोग्याला स्पष्ट सांगावें. न सांगतां दूर ठेवलेलें मूल त्याच्या मनाला सुईप्रमाणें टोंचतें.

भय आणि अज्ञान हीं दोन कारणें झालीं. तिसरें कारण आहे प्रेम. हें वाचून कोणी चमकेल, पण आमच्या पाहण्यांत सर्वांत जाड भिंत प्रेमाचीच असते. रोगी घरच्यांना वाईट वाटूं नये म्हणून आपलें भय लपवितो. घरचे त्याला वाईट वाटूं नये म्हणून आपलें लपवितात. सारे एकमेकांना सांभाळतात, आणि सारे एकटे पडतात.

आमच्या वाडींतीलच एका परिचित घराची गोष्ट. घरांत तीन पिढ्या, माणसें सात. सासूबाईंना स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि उपचार होऊनहि तो पुन्हां उलटला होता. घरांत सर्वांना ठाऊक, त्यांनाहि ठाऊक. परंतु जेवतांना गोष्टी निघत त्या पावसाच्या, भाजीच्या भावाच्या, टेलिव्हिजनवरच्या मालिकेच्या. एके दिवशीं सुनेला फडताळांत एक वही सांपडली. तींत सासूबाईंनीं घर लिहून ठेवावयास घेतलें होतें. बँकेच्या पेटीची किल्ली कोठें, श्राद्धाच्या तिथी कोणत्या, मोलकरणीला दिवाळीला काय द्यावयाचें, धाकट्याला कोणत्या औषधाची बाधा होते. गोड्या मसाल्याचें प्रमाण अर्ध्यावर थांबलें होतें. धणे, तीळ, खोबरें लिहून झालें होतें आणि पुढें दगडफुलाशीं हात थांबला असावा. सुनेनें वही जेथल्या तेथें ठेवली, आणि आपण पाहिली हें आठ दिवस कोणाला सांगितलें नाहीं. सासूबाईंनीं वही हललेली ओळखली, आणि त्यांनींहि सांगितलें नाहीं. नवव्या दिवशीं सून वही घेऊन त्यांच्या पलंगाशीं बसली आणि म्हणाली, ‘आई, दगडफूल किती घालायचें?’ त्या दुपारीं प्रथम मसाला पुरा झाला, मग दोघी रडल्या, आणि मग सासूबाईंना जें विचारावयाचें होतें तें त्यांनीं विचारलें: शेवटीं फार दुखेल का? त्या प्रश्नाचें उत्तर सुनेजवळ नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तिनें डॉक्टरांना विचारलें, त्यांनीं दुखण्यावरच्या औषधांची सारी व्यवस्था समजावून दिली, आणि पुष्कळ दिवसांनीं सासूबाई रात्रभर झोपल्या. पुढें त्या गेल्या. परंतु त्यानंतर जे महिने त्यांना मिळाले ते एकटीचे नव्हते.

येथें आम्हांला चरकसंहितेचें स्मरण होतें. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचर्या करणारा, आणि रोगी. पलंगाला चार पाय असावेत तसे हे चार. प्रत्येकाचे चार चार गुण, असे एकूण सोळा. परिचारकाच्या गुणांत शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या जोडीला अनुराग सांगितला आहे. रोग्याच्या गुणांत स्मरण, सांगितल्याप्रमाणें वागणें आणि निर्भयपणा यांच्या जोडीला ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होतें तें जाणवून देण्याची शक्ति, सांगितली आहे. या शेवटच्या गुणाकडे वाचकांनीं नीट पाहावें. रोग्यानें सांगावें हा त्याचा गुण खरा. पण सांगण्याला ऐकणारा लागतो. ज्या घरांत कोणी ऐकावयास बसत नाहीं, तेथें चांगल्या रोग्याचाहि हा गुण वांया जातो, आणि चिकित्सेचा एक पाय तेवढा आंखूड पडतो. तेव्हां ऐकणें ही केवळ मायेची गोष्ट नाहीं. ती चिकित्सेचाच भाग आहे.

हेंच सत्य पश्चिमेकडे विसाव्या शतकांत निराळ्या वाटेनें पुढें आलें. सिसिली साँडर्स या बाई आधीं परिचारिका, मग रुग्णालयांतील समाजसेविका, आणि शेवटीं डॉक्टर झाल्या. त्यांनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलें. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, माणसांच्या नात्यांची आणि श्रद्धेची अशी ती मिळून एक असते, हें त्यांनीं आधुनिक वैद्यकाला शिकविलें. आपल्याकडे त्याच विचारानें मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं ‘शांति आवेदना सदन’ सुरू झालें, आणि पुण्यांत वारज्याला १९९७ पासून सिप्ला कंपनीच्या प्रतिष्ठानाचें केंद्र चालू आहे. वारज्याच्या केंद्रांत रोग्याकडून पैसे घेत नाहींत, आणि रोग्याबरोबर घरचें माणूस राहूं शकतें. ‘आतां कांहीं करण्यासारखें उरलें नाहीं’ असें ऐकून आल्यावरच अशा ठिकाणीं जावयाचें, हा समज बरोबर नाहीं. वेदना, मळमळ, निद्रानाश, मनाची तगमग यांवरचे उपचार मूळ उपचारांच्या बरोबरीनेंच सुरू करतां येतात.

‘रोग्याला सांगावें कीं सांगूं नये?’ हा प्रश्न आम्हांला पुष्कळ जण विचारतात. आमचें उत्तर असें कीं, किती जाणावयाचें तें रोग्यानें ठरवावें. त्यालाच विचारावें: ‘डॉक्टर काय म्हणाले तें तुम्हांला ऐकायचें आहे का? किती ऐकायचें आहे?’ कोणी म्हणेल, सारें सांगा. कोणी म्हणेल, मुलाला सांगा, मला नको. दोन्ही उत्तरें मानाचीं आहेत. मान नाहीं तो त्याच्या पाठीमागें दारांत उभे राहून कुजबुजण्यांत. खोलींत पडलेल्या माणसाचे कान फार तीक्ष्ण होतात. त्याला शब्द ऐकूं आले नाहींत तरी कुजबुज ऐकूं येते, आणि तिचा अर्थ तो सत्याहूनहि भयंकर लावतो. तसेंच, तो मरणाविषयीं बोलूं लागला तर ‘असें अभद्र बोलूं नका’ म्हणून त्याचें तोंड मिटूं नये. जवळ बसावें, आणि ‘कशाची काळजी वाटते?’ एवढेंच विचारावें. पुष्कळदां ती काळजी मरणाची नसतेच. धाकटीच्या लग्नाची असते, घराच्या हप्त्याची असते, आपण घाणेरडे दिसूं लागलों आहों याची असते. या काळज्यांना उपाय आहेत. न बोललेल्या काळजीला उपाय नाहीं.

आतां उशाशीं बसणाऱ्याकडे वळूं. बहुधा ती बसणारी असते: पत्नी, मुलगी, किंवा सून. घरांत आलेला प्रत्येक जण रोग्याची प्रकृति विचारतो. तिची कोणी विचारीत नाहीं. औषधांच्या वेळा, विम्याचे कागद, पथ्याची पेज, रात्रीचें उठणें, आणि वर हंसतमुखानें पाहुण्यांना चहा. ती थकली असें म्हणूं शकत नाहीं, कारण जो खरा आजारी आहे तो समोर निजला आहे. ती रागावूं शकत नाहीं. एखाद्या रात्रीं तिच्या मनांत येतें कीं हें एकदां संपावें, आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटते कीं तो ती सख्ख्या बहिणीलाहि सांगत नाहीं. अशा सर्व भगिनींना आम्हांला स्पष्ट सांगावयाचें आहे कीं तो विचार पापाचा नाहीं. तो थकव्याचा आहे. थकव्यावर प्रायश्चित्त नको, विसांवा हवा.

तो विसांवा कसा द्यावा, हें आपल्या वारकऱ्यांनीं फार पूर्वीं शोधून ठेवलें आहे. आमच्या विश्रांतवाडीवरून दर वर्षीं ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास जाते, तेव्हां दिंडीदिंडींतून गळ्यांत वीणा घेतलेला वीणेकरी आम्ही पाहतों. हीच वीणा गांवच्या अखंड हरिनाम सप्ताहांत सात दिवस, सात रात्री खालीं ठेवीत नाहींत. परंतु ती एकाच माणसाच्या गळ्यांत कधींच नसते. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला कीं दुसरा पुढें येतो, नमस्कार करून वीणा आपल्या गळ्यांत घेतो, आणि पहिला निजावयास जातो. निजणाऱ्याची भक्ति कमी झाली असें कोणी म्हणत नाहीं. सेवा अखंड राहावयाची तर सेवक बदलले पाहिजेत, हा त्यांतला अर्थ. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हां १८८५ च्या अखेरीस त्यांना काशीपूरच्या बागेंत नेलें, आणि १८८६ च्या ऑगस्टांत ते निवर्तले. त्या महिन्यांत शारदादेवी पथ्याचें रांधीत, आणि नरेंद्र व त्याचे सोबती पाळीपाळीनें शुश्रूषा करीत. तोच नरेंद्र पुढें विवेकानंद झाला. एका माणसाच्या आजारपणाभोंवतीं वांटून घेतलेल्या त्या सेवेंतून तीं तरुण मंडळी जन्माचीं बांधलीं गेलीं.

आमचे वाचक बहुतेक एकत्र कुटुंबांतले आहेत. निदान सणावाराला एकत्र जमणाऱ्या कुटुंबांतले. त्यांनीं कागद घेऊन बसावें आणि पहारे लिहून काढावे. रात्र कोणाची, रुग्णालय कोणाचें, कागदपत्रें कोणाचीं, स्वयंपाक कोणाचा. ज्येष्ठ सून म्हणून सारें तिच्याकडे, हा हिशेब अन्यायाचा आहे. घरांतल्या पुरुषांना अंग पुसतां येतें, पेज करतां येते, आणि न येत असल्यास चार दिवसांत शिकतां येते. परदेशीं असलेल्या मुलांनीं नुसता दूरध्वनि करून ‘आणखी एका डॉक्टरांचें मत घेतलें का?’ असें विचारूं नये. त्या प्रश्नानें उशाशीं बसलेल्या बहिणीचें काळीज फाटतें. त्यांनीं विम्याचे कागद दुरून सांभाळावे, ठराविक वेळीं रोज रोग्याशीं बोलावें म्हणजे तेवढा तास बहिणीला मोकळा मिळेल, आणि रजा काढून यावयाचें तर पाहुण्यासारखें न येतां पहाऱ्यावर यावें. बहिणीला आठ दिवस माहेरीं, मैत्रिणीकडे, कोठेंहि पाठवावें, आणि वीणा आपल्या गळ्यांत घ्यावी.

ज्यांना गांव सोडून उपचारांस जावें लागतें त्यांचें एकटेपण आणखी निराळें. मुंबईस परळचें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें गेल्या; पुढें दोराबजींच्या नांवच्या न्यासानें तें उभें केलें. तेव्हांपासून विदर्भ, मराठवाड्याचीच काय, बंगाल-आसामचीं माणसें तेथें येतात. खोली न मिळाल्यानें पदपथावर पथारी पसरून आठवडे काढणारीं कुटुंबें परळला पुष्कळांनीं पाहिलीं असतील. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृति समिति यांसारख्या ठिकाणीं त्यांना आसरा मिळतो; आणि तेथें राहून आलेले सांगतात कीं छपरापेक्षांहि मोठी गोष्ट म्हणजे शेजारच्या खाटेवरचें माणूस. तेथें रोगाचें नांव घेण्यास कोणी लाजत नाहीं. ‘तुमची कितवी केमो?’ असें सहज विचारतात. जें स्वतःच्या घरीं बोलतां आलें नाहीं तें धर्मशाळेच्या व्हरांड्यांत बोललें जातें.

याचा अर्थ असा कीं समदुःखी माणसांची गांठ घालून देणें हाहि उपचार आहे. त्याचें उदाहरण आमच्या दारापाशींच आहे. आळंदी रस्त्यावर येरवड्यास १९८६ सालीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें. रोग एकट्या व्यसनी माणसाला नसतो, घरालाहि असतो, हें ओळखून तेथें पत्नींना एकत्र बसवून बोलतें करण्याची प्रथा पाडली; तिला ‘सहचरी’ असें सुंदर नांव दिलें. डॉ. अनिता अवचट यांना स्वतःला पुढें कर्करोग झाला. त्या दुखण्यांतहि त्यांनीं काम सोडलें नाहीं. १९९७ सालीं त्या निवर्तल्या. व्यसनाच्या बाबतींत जें साधलें तें कर्करोगाच्या बाबतींत कां साधूं नये? केरळांत कोझिकोडे येथें १९९३ सालीं डॉक्टरांनीं एक संस्था काढली. तिच्यापासून वाढत जाऊन गल्लीगल्लींतले साधे शेजारी शिकून तयार झाले, आणि आपल्या परिसरांतल्या रोग्यांच्या घरीं नेमानें जाऊं लागले. २००८ सालीं तेथल्या सरकारनें हीच गोष्ट आपलें धोरण म्हणून स्वीकारली. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर येथें ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत, भजनी मंडळें आहेत, गृहरचना संस्था आहेत. निवृत्त माणसांजवळ वेळ आहे. आठवड्यांतून एक दुपार एखाद्या रोग्याजवळ दोन तास बसावें, वर्तमानपत्र वाचून दाखवावें, आणि त्याच्या पत्नीला तेवढ्यांत केंस धुवावयास, बाजारांत जावयास, किंवा नुसतें निजावयास मोकळें करावें. यास पदवी लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं.

एक गोष्ट राहिली. तेरावा दिवस झाला कीं पाहुणे जातात, आणि उशाशीं बसणाऱ्याचें खरें एकटेपण तेव्हां सुरू होतें. वर्षभर ज्या घड्याळावर ती चालली तें घड्याळच थांबलेलें असतें. रात्रीं दोन वाजतां औषधाच्या वेळेला तिला जाग येते, आणि उठून करावयाचें कांहीं नसतें. ज्या घरचा रोगी बरा होतो, तेथेंहि पुढच्या तपासणीच्या आधींची रात्र सर्वांना नव्यानें काढावी लागते. ‘आतां बरे झालांत ना!’ असें म्हणून लोक मोकळे होतात, आणि तें भय कोणाला सांगतां येत नाहीं. अशा दिवसांत महिन्यानें, तीन महिन्यांनीं, वर्षानें जाणारें माणूस विरळा. मन फारच खचलें तर सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर बोलतां येतें. पण जेथें शेजारी आहे तेथें आधीं शेजारी पोंचला पाहिजे.

वाचकांपैकीं प्रत्येकाच्या ओळखींत असें एखादें घर असेल. त्यांनीं हा अंक मिटून ठेवल्यावर त्या घरीं जावें. नारळ नेऊं नये, मामांची गोष्ट सांगूं नये. रोग्याजवळ थोडा वेळ बसावें, त्यानें बोललेलें ऐकावें, न बोलला तर तसेंच बसावें. आणि उठतांना दारापाशीं जी पोंचवावयास येईल तिला विचारावें, ‘आपण पुरती झोप केव्हां घेतली होती? उद्यां दुपारीं मी बसतों.’ आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं खरोखर जावें.